रंग पंचमीलाच

शहापूर, बेळगाव

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, याची रुखरुख आहे. माझा गुडघा होता तसाच आहे. आज लिहायला बसलो तो कालच्या गल्लीच्या बैठकीमुळे. तुझ्याखेरीज हे कोणाला सांगावे ते कळेना.

यंदापासून आपल्या गल्लीने पंचमीऐवजी शहराबरोबर धुळवडीलाच रंग खेळावा, असा विषय पंचांपुढे आला, आणि तो मांडणारा माझाच मुलगा. उद्यमबागेतल्या कारखान्यात त्याला सुटी मिळते ती धुळवडीची, आणि नातवाच्या परीक्षाही पंचमीच्याच सुमारास येतात. त्याचे म्हणणे खोटे नाही, म्हणून मी गप्प बसलो, आणि रात्रभर त्या गप्प बसण्याचाच त्रास झाला.

कपिलेश्वराच्या देवळापलीकडचे शहर इंग्रजांचे आणि आपले शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचे, म्हणून आपला रंग संस्थानच्या रिवाजाने पाचव्या दिवशी, हे तुझ्या आजोबांनीच आपल्याला कट्ट्यावर बसवून सांगितले होते. 1948 मध्ये संस्थान विलीन होऊन आपण मुंबई राज्यात आलो, 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेलो, 1973 मध्ये त्याचे कर्नाटक झाले आणि 2014 मध्ये बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. चिंतामणराव हायस्कूलचे चिंतामणराव म्हणजे सांगलीचे संस्थानिक, हे आता मुलांना सांगावे लागते. एवढ्या उलथापालथीत कोणाला न विचारता आपण आपला म्हणून राखला तो हा एक दिवस.

धुळवडीला शहरातली पोरे रंगून फिरत, तेव्हा बाबांचा हातमाग चालूच असे. पंचमीला मात्र ते धोटा कोनाड्यात ठेवत, अर्ध्या विणलेल्या साडीवर जुने धोतर पांघरत आणि मगच मागाच्या खड्ड्यातून वर येत. त्याच धोतराची कड उचलून तू पिचकारी मारली होतीस. ती माझ्या हातात होती, असे तू पन्नास वर्षे म्हणत आला आहेस, पण मी ते याही पत्रात मान्य करणार नाही! सावकाराने ती साडी घेतली नाही, तेव्हा ती आईने नेसली. आज पहाटे ट्रंकेतून काढून पाहिली, तर काठाजवळ गुलाबी ठिपके अजून आहेत. विटले आहेत, पण गेलेले नाहीत.

रविवारी पुन्हा बैठक आहे. ज्यांना पंचमीला सुटी नाही त्यांनी धुळवडीला खुशाल खेळावे, पण पंचमीला गल्लीच्या तोंडाशी रंगाचे पिंप भरायचे थांबवू नये, असे मी उभा राहून सांगणार आहे. त्याआधी घरात मुलाशी बोलायला हवे, आणि तेच जड जाते आहे. लहानपणापासून तो माझ्यापेक्षा तुझेच ऐकत आला. पंचमीला येशील का?

नात झाल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक