स्पार्टा जिंकला तो समुद्रावर

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील अथेन्स आणि स्पार्टा यांच्या वैरावरचा लेख वाचला. लेख रोचक आहे, परंतु पेलोपोनेशियन युद्धाचा (इ.स.पू. ४३१ ते ४०४) निकाल म्हणजे भूदलाने आरमारावर केलेली मात, हा त्यातील निष्कर्ष घटनाक्रमाशी जुळत नाही, म्हणून हे पत्र.

स्पार्टाचे पायदळ ग्रीसमध्ये अजोड होते, याविषयी दुमत नाही. पण राजा आर्किडेमस पहिल्याच वर्षी अथेन्सभोवतीच्या ॲटिका प्रदेशावर चालून गेला, तेव्हा खुल्या मैदानात त्याच्याशी लढायला अथेन्सचे सैन्य बाहेर पडलेच नाही. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या सल्ल्याने खेड्यापाड्यांतील लोक आधीच तटाच्या आत येऊन राहिले होते, आणि शहराला पिरेअस बंदराशी जोडणाऱ्या लांब भिंतींमुळे समुद्रमार्गे येणारे धान्य अडवणे स्पार्टाच्या हाती नव्हते. शिवारे जाळून ही फौज माघारी जाई. अशा स्वाऱ्यांपैकी सर्वांत लांबलेली सुमारे ४० दिवसच टिकली. दाटीवाटीच्या शहरात इ.स.पू. ४३० मध्ये पसरलेल्या साथीने अथेन्सची जेवढी माणसे नेली, तेवढी आर्किडेमसच्या भाल्यांनी नेली नाहीत.

लेखात आरमाराची थोरवी जहाजांच्या संख्येने मोजली आहे. माझ्या मते ती वल्हेकऱ्यांच्या मजुरीने मोजायला हवी. एका ट्रायरीमवर, म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगा असलेल्या युद्धनौकेवर, १७० वल्हेकरी आणि इतर मिळून सुमारे २०० माणसे असत. प्रत्येकी रोज एक ड्राक्मा धरला, तर महिन्याला ६,००० ड्राक्मा, म्हणजे बरोबर एक टॅलंट होतो. या हिशेबाने १०० जहाजे सहा महिने समुद्रावर ठेवायची, तर ६०० टॅलंट लागतात. आणि युद्धाच्या आरंभी अथेन्सला मांडलिक नगरांकडून मिळणारी वार्षिक खंडणी त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस याने नेमकी एवढीच सांगितली आहे. स्पार्टापाशी अशी आवक नव्हती, आणि आरमारासाठी आधी पैसा लागतो, शौर्याची पाळी नंतर येते.

ही उणीव इराणने भरून काढली. इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत अथेन्सचे आरमार बुडाल्यावर पुढच्याच वर्षी स्पार्टाने इराणशी करार केले. पुढे सेनानी लायसँडरने इराणचा राजपुत्र सायरस याच्याकडे स्वतःसाठी काही न मागता वल्हेकऱ्यांची मजुरी रोज तीन ओबोलांवरून चार करून घेतली (सहा ओबोल म्हणजे एक ड्राक्मा). पगारी माणसे जास्त दाम देणाऱ्याकडे वळतात, हे त्याने अचूक ओळखले होते. इ.स.पू. ४०५ मध्ये हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीत, एगोस्पोटामीच्या किनाऱ्यावर, अथेन्सचे खलाशी शिधा मिळवण्यासाठी पांगलेले असताना त्याने त्यांची जवळजवळ सर्व जहाजे हस्तगत केली. काळ्या समुद्राकडून येणाऱ्या धान्याची वाट तिथेच तुटली आणि उपासमारीने अथेन्स शरण आले. विजेत्यांनी लांब भिंती पाडायला लावल्या आणि केवळ १२ जहाजे ठेवू दिली. पराभूताकडून काय काढून घ्यायचे, हे स्पार्टाला नीट कळले होते.

लेखकाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. इ.स.पू. ४१३ मध्ये ॲटिकातील डेसेलियाला स्पार्टाने कायमचे ठाणे दिले, तेव्हा २०,००० हून अधिक गुलाम पळाले आणि लॉरियमच्या चांदीच्या खाणींचे काम खिळखिळे झाले. जमिनीवरचा हा घाव खरोखर वर्मी लागला होता. पण त्यानंतरही अथेन्स नऊ वर्षे लढत राहिले, कारण धान्याची जहाजे पिरेअसला येत होती.

लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात इ.स.पू. ३९४ च्या क्नीडोसच्या लढाईचा उल्लेख अवश्य यावा. तिथे इराणच्याच पैशावर उभ्या राहिलेल्या आरमाराचे नेतृत्व कोनोन या अथेन्सच्या सेनानीकडे होते, आणि बुडालेली जहाजे स्पार्टाची होती.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा