हवामान केंद्र नदीकाठच्या सखल शिवारातही बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी आपल्या अंकात येते, सोबत शेकोटीभोवती बसलेल्या मंडळींचा फोटो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तो आकडा आम्हीही सकाळी उठून आधी बघतो. पण आमच्या बागेत त्या रात्री काय झाले, ते त्यावरून कळत नाही.

आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग कादवा नदीच्या काठाला, सखलात आहे. हिमालयात बर्फ पडून आभाळ निवळले की उत्तरेचा कोरडा वारा खाली येतो. रात्री तो पडला की जमीन झपाट्याने निवते. गार हवा जड, ती वरच्या माळावरून उतरते आणि नदीकाठच्या खोलगटात साचून राहते. गावठाणात स्वेटरवर भागत असते, तेव्हा आमच्या बांधावरच्या गवतावर दव गोठलेले असते. मागच्या हिवाळ्यात मांडवाच्या तारेला टांगलेल्या तापमापकात एका पहाटे ३ अंश दिसले. त्याच पहाटेची आमच्या महसूल मंडळाच्या केंद्राची नोंद साडेसहाच्या घरात! ते केंद्र उंचावर, वस्तीला लागून आहे. फळपीक विम्यात कमी तापमानाची भरपाई ठरते ती मंडळाच्या नोंदीवरच. बाग आमच्या डोळ्यांदेखत तडकली आणि कागदोपत्री थंडी पडलीच नाही.

ऑक्टोबर छाटणीची बाग डिसेंबर-जानेवारीत मणी धरून फुगत असते. कडाका लागून राहिला की मुळ्या काम करेनाशा होतात, फुगवण थांबते आणि भुरी रोग डोके वर काढतो. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडायच्या सुमाराला रात्री गारठा आणि दुपारी चटका असा फरक पडला, की हिरवा मणी गुलाबी होतो. व्यापारी अशा मालाला हात लावत नाही. म्हणून आम्ही घडाघडाला रद्दीचा पेपर गुंडाळतो. बायका दिवसभर मान वर करून मांडवाखाली उभ्या असतात, संध्याकाळी खांदे भरून येतात. एवढे करूनही गोडी भरत आलेल्या मण्याला तडा गेलाच, तर रस गळतो, माश्या बसतात आणि त्याला चिकटलेले चांगले मणीही सडायला लागतात. मग तो घड कात्रीने कितीही निवडा, पेटीत भरण्याजोगा राहत नाही.

उपाय आम्ही करतोच. पहाटे तीन-चारला उठून बांधाबांधाने ओला पाला आणि भुसा पेटवून मांडवाखाली धूर कोंडायचा, ठिबक चालू करायचे. विहिरीचे पाणी त्या वेळी कोमट असते, त्याने मुळांना ऊब मिळते. लाईट दिवसपाळीची असली तर मोटारच चालत नाही, आणि रात्रपाळीची असली तर बिबट्याच्या भीतीने कोणाला एकट्याने पाठवता येत नाही.

२०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडचा पारा दोन अंशांच्या खाली गेला, तो गारठा तालुक्यात कोणी विसरलेले नाही. २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी गारा पडल्या आणि तालुक्यातल्या कितीतरी बागांच्या पानांच्या चिंध्या झाल्या. पण गारपिटीनंतर निदान माणूस शेतात येतो, फुटलेला मणी बघतो, पंचनामा लिहितो. विम्यात थंडीला पंचनामा नाही, तिथे यंत्राचा आकडा हीच साक्ष. मग ते यंत्र कुठे उभे आहे, याला महत्त्व नाही का?

गावोगाव स्वयंचलित हवामान केंद्रे बसवण्याची घोषणा झाली आहे. तिचे मी मनापासून स्वागत करते. मात्र ही केंद्रे ग्रामपंचायतीच्या आवारात, भिंतीच्या आडोशाला, सोयीची जागा म्हणून उभी करू नयेत. गोदा, कादवा, बाणगंगा यांच्या काठच्या गावांत निदान एक केंद्र सखल शिवारात, उघड्यावर असावे. त्याची पहाटेची नोंद गावातल्या फलकावर रोज लागावी, म्हणजे विम्याच्या वेळी वाद उरणार नाही. थंडीची लाट येणार असेल तर आदल्या दुपारपर्यंत मंडळनिहाय इशारा मिळावा आणि तेवढ्या रात्रींपुरती पहाटेची थ्री फेज वीज द्यावी. धूर करायला भुसा आदल्या दिवशीच आणून ठेवावा लागतो, तो पहाटे तीनला कुठे मिळणार?

आपल्या वार्ताहरांना विनंती, एकदा पहाटे पाचला तापमापक घेऊन आधी गावठाणात आणि मग नदीकाठी यावे, दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. केंद्रासाठी जागेची अडचण सांगितली जाते, ती आम्ही सोडवतो. आमच्या बागेच्या खालच्या अंगाला गुंठाभर मोकळी जागा आहे. ती विनामोबदला द्यायला घरातल्या सगळ्यांची संमती आहे.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार,
कादवाकाठ, ता. निफाड, जि. नाशिक