बंद टाकीचं पूर्ण तिकीट आणि माझ्या बाबांचा अपमान

प्रति,
व्यवस्थापक,
नदी इतिहास संग्रहालय व मत्स्यालय, नागपूर

विषय : बंद असलेल्या दालनाचे पूर्ण पैसे घेणे, चुकीची माहिती देणे आणि ग्राहक सेवेचे उद्धट वर्तन

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला. पुन्हा करणार नाही. यापुढे जे काही असेल ते लेखी.

रविवारी आम्ही पाच जण आलो होतो. मी, माझे मिस्टर, दोन मुलं आणि माझे बाबा. नुसत्या संग्रहालयाचं तिकीट माणशी १५० रुपये, मत्स्यालयासह ३५०. आम्ही ३५० चं घेतलं ते फक्त वैनगंगेच्या मोठ्या टाकीसाठी. तुमच्या जाहिरातीत सगळ्यात वर तिचाच फोटो आहे, त्यामुळे कोणती टाकी हे तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या दालनात पोहोचलो तर टाकीवर निळी ताडपत्री आणि दाराला कागद : 'देखभालीसाठी बंद'. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, जुनी चिकटपट्टी सुटल्यावर तिच्यावर दुसरी लावलेली होती. म्हणजे टाकी त्या दिवशी सकाळी बंद पडलेली नाही. तिकीट खिडकीवर एक अक्षर नाही, ऑनलाइन बुकिंग करताना सूचना नाही. तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही पूर्ण पैसे घेत राहिलात.

माझे बाबा पवनीकडचे. आमचं ढिवर कुटुंब, डोंगा आणि जाळं यांवर घर चाललं. १९८८ साली वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली, पुढे पाणी अडलं आणि आमचं गाव बुडितात गेलं. बाबा ज्या नदीवर वाढले ती वाहती नदी आता नातवंडांना दाखवता येत नाही, तिथे नुसतं साचलेलं पाणी आहे. मरळ आपल्या लालसर पिलांच्या थव्याखाली राखण करत कशी फिरते, हवा घ्यायला पाण्यावर येते तेव्हा ढिवर तिला कसा हेरतो, हे त्यांना त्या टाकीसमोर उभं राहून मुलांना सांगायचं होतं. मुलंही आठवडाभर त्याच गोष्टीवर होती.

शेजारच्या टाकीवर फलक होता, 'वैनगंगेतील स्थानिक मासे'. आत रुपेरी, चपटे, पोटाशी लालसर मासे. एक काचेजवळ आला तेव्हा बाबांनी धाकट्याला त्याचे माणसासारखे दात दाखवले आणि म्हणाले, "हा आपला नव्हे, रूपचंद आहे." रूपचंद मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. आपल्याकडे तो तळ्यांत वाढवतात आणि बाजारात विकतात. मासळी बाजारातलं कोणीही हे सांगेल. तुमच्याकडे फलक लिहिणाऱ्याला कोणालाच विचारावंसं वाटलं नाही?

इतिहासाच्या दालनातही तेच. नाग नदीचा उगम अंबाझरी तलावातून, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. नदी वाडीजवळच्या लावा गावाच्या टेकड्यांत उगम पावते आणि अंबाझरीचा बांध तिच्यावर १८७० मध्ये घातला गेला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तोच तलाव ओसंडला, घराघरात पाणी शिरलं, माणसं गेली. त्याबद्दल तुमच्या नदीच्या इतिहासात एक ओळ नाही. शहराचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ती घाण गोसेखुर्दच्या जलाशयापर्यंत जाते, हेही नाही. त्या जलाशयाच्या काठावर आजही आमचे नातेवाईक मासेमारी करतात. नदीचा इतिहास सांगायला बसलात तर हे सांगावंच लागेल.

आता फोनबद्दल. या पत्राचं खरं कारण तेच आहे.

मी पैशांचा फरक मागितला. माणशी २०० प्रमाणे हजार रुपये. समोरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सूचना लावलेली होती." मी विचारलं, कुठे? "दालनाच्या दाराला." मी म्हटलं, तिकीट बाहेर घेतो, सूचना आत आहे, मग ती वाचायची कधी? त्यावर, "तुम्ही आत गेलात म्हणजे सेवा घेतली, रिफंड बसत नाही." मी टाकीचं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "बाकीच्या टाक्यांमध्ये मासे होते ना मॅडम? मासे पाहिले ना तुम्ही?" मग मी रूपचंदचं सांगायला लागले. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी फोन मागून घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाळा, त्या फलकावरचं नाव चुकलंय, तेवढं साहेबांना सांग." त्या मुलाने विचारलं, "काका, तुम्ही मासे विकता काय?" आणि हसला. मागे आणखी कोणीतरी हसलं. फोन स्पीकरवर होता, माझ्या मुलांनी ऐकलं.

बाबा म्हणाले, "हो, विकत होतो," आणि फोन माझ्या हातात दिला.

त्या माणसाने आयुष्यभर ती नदी वाचली आहे. तुम्ही तिच्या नावावर तिकिटं विकता. तुमची चूक त्यांनी फुकट दुरुस्त करून दिली आणि तुमच्या माणसाने त्यांच्या धंद्यावरून त्यांना हसण्यावारी नेलं. मी वरिष्ठांना फोन द्या म्हटलं तर "वरिष्ठ हेच सांगतील" म्हणून कॉल कापला.

नदीवर संग्रहालय होतंय हे ऐकून मला मनापासून आनंद झाला होता. मी शिक्षिका आहे, आमच्या शाळेची सहल तुमच्याकडे आणण्याचं मीच सुचवलं होतं. ते मी मागे घेतलं आहे आणि का घेतलं हे मुख्याध्यापकांना लेखी कळवलं आहे.

दालन बंद असताना त्याचे पैसे घेणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि बंद टाकीचा फोटो जाहिरातीत ठेवणं ही दिशाभूल. पंधरा दिवसांत हजार रुपये परत आले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे हजार रुपयांसाठी कोण एवढं करणार, असं समजू नका. दाराच्या कागदाचे, रूपचंदच्या फलकाचे फोटो आणि तिकिटं सोबत जोडली आहेत. फोन तुमच्याकडे रेकॉर्ड होतो असं सुरुवातीला ऐकवता, तो काढून स्वतः ऐका.

टाकी सुरू होईपर्यंत बंदची सूचना तिकीट खिडकीवर लावा, आतल्या दारावर नाही. दोन्ही फलक दुरुस्त करा. आणि माफी माझ्या बाबांची मागा, त्यांच्या नावाने, लेखी. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असा छापील मेल मला पाठवू नका.

एक ग्राहक,
नंदनवन, नागपूर