खालच्या मजल्यावरच्या काकांना

ती. काका,
सा. न.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता. दोनदा झालंय.

डिसेंबरात तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात ते भांडायलाच. तुमच्या स्वयंपाकघराच्या छतावर ताटाएवढा पिवळा डाग पडला होता आणि सोसायटीला द्यायचा अर्ज खिशात तयार होता. मी आत उकिडवी बसून सिंकखालची जुनी टाइल उचकटत होते. तुम्ही बोलायला तोंड उघडलंत, माझ्या हाताकडे पाहिलंत आणि म्हणालात, "छिन्नी अशी उभी नाही धरायची गं. आडवी घे, नाहीतर खालचा पाइप फोडशील." तो अर्ज अजून खिशात असेल तर फाडून टाका.

स्वयंपाकघर नवं करायला कंत्राटदाराने सांगितले होते २,४०,०००. माझ्याकडे होते ७०,०००, तेही आईने भिशीतून उचललेले. भांडुपच्या वन रूम किचनमधलं आठ बाय सहाचं ते स्वयंपाकघर आपणच करू, असं मी ठरवलं होतं. कसं, ते ठरवलं नव्हतं.

तुम्ही आधी डागाचा माग काढलात. सिंकमध्ये बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओतायला लावलीत आणि खाली निघून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन: "सापडला! निळा झाला!" स्वतःच्या छतावर निळा डाग पडला म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. सिंकचा सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथेच चिरला होता. मी त्याच्यावरच नवी फरशी बसवणार होते.

फरशी तुम्ही तीन आठवडे बसवूच दिली नाहीत. पाइप बदलला, सांधा भरला, जमिनीला जाळीकडे उतार दिला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले. मग दारात सिमेंटचा छोटा बांध घालून आत पाणी तुंबवलं, २४ तास. त्या रात्री तुम्ही किती वेळा उठून टॉर्चने छत पाहिलंत, ते काकूंनी मला नंतर सांगितलं.

नळाचा घोळ मात्र माझाच. गळू नये म्हणून नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप मी उलटी गुंडाळली होती. नळ आवळत गेले तशी ती सुटत गेली आणि सकाळी ओटाभर पाणी. बेस्टच्या डेपोत उभी हयात बसखाली आडवं पडून काढलेला माणूस तसाच सिंकखाली सरकला आणि आतूनच ओरडला, "आटे ज्या बाजूला फिरतात, टेपही त्याच बाजूला!" पान्हा मात्र माझ्याच हातात ठेवलात. तेव्हा राग आला होता. दोन मिनिटांचं काम, स्वतः करून मोकळे का होत नाहीत, असं वाटलं होतं. त्यानंतर घरातले तीन नळ मी एकटीने बदलले, म्हणून आता तो राग परत घेते.

ओट्याच्या उंचीबद्दल तर आईच तुम्हाला वेगळं पत्र लिहील. जुना ओटा ३४ इंच आणि आई चार फूट दहा. बावीस वर्षं ती टाचा उचलून पोळ्या लाटत होती आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, माझ्यासुद्धा. तुम्ही तिला रिकाम्या जागेत उभं केलंत, हातात लाटणं दिलंत आणि काकूंना पोळपाट धरून वरखाली करायला लावलंत. "वहिनी, आता लाटा." दोघी इतक्या हसत होत्या की पोळपाट स्थिर राहीना. तुम्ही मात्र हसला नाहीत, आईच्या खांद्यांकडे बघत होतात. ३१ इंचांवर ते खाली आले आणि तुम्ही भिंतीवर पेन्सिलची खूण केलीत. दुकानात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, ओटा कुठे एवढा बुटका असतो म्हणून.

ती खूण त्याच पातळीत समोरच्या भिंतीवर नेतानाची पाणी भरलेली नळीही आठवते. एक टोक तुमच्याकडे, एक माझ्याकडे, आणि मधे अडकलेला हवेचा एक बुडबुडा. तो निघेपर्यंत तुम्ही मला हलू दिलं नाहीत. नळीत हवा असली की दोन्हीकडचं पाणी खोटं बोलतं, म्हणालात.

पैसे वाचले ते जुन्या ओट्याच्या कडप्प्यात. मी तो फोडून राबीटच्या, म्हणजे तोडफोडीच्या मलब्याच्या, गोण्यांत भरायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, वरचा दगड बदल, पण जुना टाकू नकोस, कापून ओट्याखाली त्याचेच कप्पे कर. कडप्पा चुनखडीचा दगड. वर असताना लिंबू, चिंच, कोकम सांडून पांढरे डाग पडायचे, पण डबे ठेवायला त्याला काय होतंय? वाळवी नाही, पाण्याने फुगणं नाही. प्लाय फक्त दरवाज्यांना लागला, पाण्याला टिकणारा, ७१० चा शिक्का बघून घेतलेला. दरवाज्यांच्या आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या, ऑटो हिंज, नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून आणले. पिशवी मांडीवर घेऊन मशीद बंदर ते भांडुप, सुटीच्या दिवशीही गाडीला ती गर्दी. ग्रॅनाइट सात फुटांचा उरलेला तुकडा मिळाला, स्वस्तात.

आणि कुठे हात घालायचा नाही, तेही तुम्हीच सांगितलंत. ग्रॅनाइटमध्ये सिंकचं भोक पाडायला कारागीर, १६ अँपिअरच्या पॉइंटला वायरमन, आणि गॅसच्या पाइपला कंपनीच्या माणसाशिवाय कुणी हातही लावायचा नाही. तीन भिंतींच्या टाइल्स मी लावल्या. टिचकी मारली की त्यातल्या दोन अजून पोकळ वाजतात. एक तडकलेली आहे, ती मिक्सरमागे लपवलीय. तुम्हाला माहीत आहेच. परवा तुम्ही मिक्सर सरकवून पाहिलात आणि पुन्हा जागेवर ठेवलात.

राबीट सोडून सगळा खर्च ६८,४०० झाला. पाच आठवडे हॉलमध्ये इंडक्शनवर खिचडी खाल्ली. रोज संध्याकाळी काकूंची आमटी वर यायची, तिचा हिशोब यात नाही.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. डागाचंही "पावसाळा जाऊ दे, भिंत सुकली की बघू" म्हणालात. पाऊस जाऊन महिना झाला. परवा काकूंना भेटायला आले तेव्हा छताला हात लावून पाहिला, कोरडं ठणठणीत आहे. पिवळा डाग आणि त्याची निळी किनार तशीच आहे. आधी प्राइमर मारल्याशिवाय ती रंगातून वर येईल, म्हणून प्राइमर आणि रंग दोन्ही आणून ठेवलेत.

रविवारी दहाला येते. शिडी आहे माझ्याकडे. फक्त फ्रिज सरकवून ठेवा, आणि मी वर चढल्यावर ब्रश कसा धरायचा ते सांगू नका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची