आईवडिलांचं मुखत्यारपत्र : महसूल मंत्र्यांना खुलं पत्र

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

सप्रेम नमस्कार.

वडील अंथरुणाला खिळले की मुलं मुखत्यारपत्रासाठी, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करण्याच्या लेखी अधिकारासाठी (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी), धावतात. पाचशेचा स्टँप, कुठून तरी उतरवलेला मसुदा, नोटरीचा शिक्का. तो कागद बँकेतून परत येतो, कारण त्यात ‘बँकेचे सर्व व्यवहार’ एवढंच असतं. शाखा, खाते क्रमांक, मुदत ठेव मोडणं, लॉकर उघडणं हे सुटंसुटं लिहावं लागतं. दोघा भावंडांना अधिकार दिला तर ‘एकत्रित’ की ‘स्वतंत्रपणे’ हेही हवं. नाहीतर बोरिवलीच्या मुलाच्या सहीसोबत न्यू जर्सीच्या मुलीचीही सही मागतात. फ्लॅट विकायचा नसेल तर विक्रीचा अधिकार त्यात घालूच नये.

आईने घरी सही केलेला दस्त मुलाने नोंदणीला न्यायचा असेल, तर नोटरी चालत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८च्या कलम ३३ प्रमाणे मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडून (दस्त नोंदवणारा सरकारी अधिकारी, सब-रजिस्ट्रार) प्रमाणित हवं. आजारी माणसाने कचेरीत यायलाच हवं असं नाही, अधिकारी घरी जाऊ शकतो, हेही त्याच कलमात आहे. तरी गिरगावातल्या बिनलिफ्टच्या चाळीतून खुर्चीत बसवून माणसं उतरवली जातात. पुढे अंगठा. फडक्याने पुसून, काचेवर दाबून धरला तरी यंत्र ठसा घेत नाही. वयाने बोटांवरच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते. गृहभेटीची तारीख अर्जासोबतच मिळावी, आणि सोबतच्या यंत्रात डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय असावी. हे आपल्या अखत्यारीत आहे.

खरी गाठ मात्र कलम २०१ची. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार लिहून देणाऱ्याची मनःस्थिती ढळली की मुखत्यारी संपते. म्हणजे स्मृतिभ्रंश बळावला, कागदाची खरी गरज लागली, की कागद रद्द! मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७मधला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता. तो ठेवीला हात लावू शकत नाही. मग उरतं उच्च न्यायालय : राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली आजारी माणसासाठी कायदेशीर पालक (गार्डियन) नेमण्याची याचिका, वैद्यकीय अहवाल, वारसांची ना-हरकत. तोवर आयाचा पगार कुठून द्यायचा?

करार आणि अभिकरण (दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचं नातं) राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, ७व्या नोंदीत येतात. राज्याला दुरुस्ती करता येते. राष्ट्रपतींची अनुमती लागेल. कलम २०१ला एक परंतुक, म्हणजे अपवादाची जोड, पुरेल : मुखत्यारपत्रात तसं स्पष्ट लिहिलं असेल, ते दुय्यम निबंधकासमोर झालं असेल आणि त्याच दिवसाचा डॉक्टरचा दाखला जोडला असेल, तर मनःस्थिती ढळल्यावरही ते चालू राहील. राहत्या घराची विक्री त्यातून वगळावी, आणि मुखत्याराने दरवर्षी हिशेब दाखल करावा.

आपले,
दस्तलेखन व नोंदणीचं काम करणारे, मुंबई