क्रॉसिंगला 1 तास 50 मिनिटं उभी ठेवलेली गाडी आणि ‘निकाली’ निघालेली तक्रार

प्रति,
प्रवासी तक्रार विभाग

महोदय,

18 मे रोजी आईला घेऊन मी कणकवलीहून पनवेलला निघालो. दिवसाची गाडी, स्लीपरचा डबा. तिकिटाची प्रत सोबत जोडली आहे. रत्नागिरीच्या अलीकडे एका लहान स्टेशनात आमची गाडी लूप लाइनवर, म्हणजे मुख्य रुळाच्या बाजूच्या रुळावर घेतली आणि ती तिथे 1 तास 50 मिनिटं उभी राहिली.

त्या बाजूला फलाट नाही, सावली नाही. पत्रा तापलेला. तासाभरात संडासातलं पाणी संपलं. लोक खडीवर उतरून डब्याच्याच सावलीत बसले. आईचं वय 76, गुडघे धरलेले. तिला उतरवणार कसं? सीटखाली हापूसच्या दोन पेट्या होत्या. त्यांचा वास सुरुवातीला छान वाटत होता, नंतर आंबूस यायला लागला. समोरून एक गाडी गेली. आता सुटणार म्हणून सगळे वर चढले, पण सिग्नल लालच. मग मागून काचबंद एसी गाडी आली आणि धूळ उडवत पुढे निघून गेली. आई म्हणाली, “आमका बाजूक काढून ही खंय धावता रे?”

मी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती. गाडी सुटल्यावर मोबाइलवर मेसेज आला: ‘गाडी मार्गस्थ. तक्रार निकाली.’ गाडी हलली हे डब्यात बसून मला कळत होतंच.

क्रॉसिंग, म्हणजे एकेरी रुळावर दुसऱ्या गाडीला वाट द्यायला थांबणं, का पडतं ते आम्हाला शिकवायला नको. 26 जानेवारी 1998 ला हा कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण सुरू झाला तेव्हापासून आम्ही ते बघतोय. (आमची काजूची चार कलमंही या मार्गासाठी गेली, पण ते रडगाणं इथे नाही.) 2022 मध्ये विद्युतीकरण झालं, डिझेलचा धूर गेला, बरं वाटलं. पण इंजिन बदललं तरी रूळ एकच. दुसरा रूळ पडला तो रोहा ते वीर, सुमारे 46 किलोमीटर, तोही 2021 मध्ये. पुढे सगळा एकेरी. 91 बोगदे असलेल्या डोंगरात दुसरा रूळ टाकणं खर्चाचं काम आहे, मान्य. खारेपाटण रोड, आचिर्णे अशी क्रॉसिंगसाठी नवी स्टेशनंही झाली. तरी त्याच रुळावर नव्या वेगवान गाड्या आल्या, आणि त्यांना वाट द्यायला दर वेळी स्लीपर-जनरलवालेच बाजूला.

त्यात आणखी एक गंमत. रत्नागिरीला आम्ही पावणेदोन तास लेट होतो, पनवेलला अॅपवर दिसलं फक्त 35 मिनिटं. ड्रायव्हरने काही चमत्कार केला नाही. शेवटच्या टप्प्याचा वेळ वेळापत्रकातच फुगवून ठेवलाय. मग हिशोबात आमचा उशीर उरतो कुठे?

नुकसानभरपाई मागत नाही. आंब्यांची तर नाहीच, ते चिपळूणपर्यंत डब्यात वाटून संपले. पण गाडी अर्ध्या तासाहून जास्त अडकणार असेल तर फलाट आणि पाणी असलेल्या स्टेशनात थांबवा. किती वेळ लागणार ते सांगा; स्टेशन मास्तरला ठाऊक असतं, आम्हालाच नसतं. आणि त्या दिवशी आमच्या गाडीला दोनदा मागे ठेवण्याचा निर्णय कोणत्या नियमाने झाला, ते लेखी कळवा. मेसेज नको, पत्र पाठवा. पत्ता पाकिटावर आहे.

आपला,
एक प्रवासी
(तालुका कणकवली)