गावाचं नाव शोधून द्या, बाबा

वाकोआ, मॉरिशस
5 नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून होणार नाही. फोनवर अर्धवट सांगितलं असतं तर त्याचं महत्त्व कळलं नसतं, म्हणून सविस्तर लिहायला बसले. आई, तब्येत चांगली आहे, जेवण नीट होतं, तेव्हा त्याची काळजी नको.

तीन दिवसांपूर्वी, 2 नोव्हेंबरला इथे सगळ्या देशाला सुट्टी होती. 1834 साली याच तारखेला ‘ॲटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात आलं. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी आप्रवासी घाटावर फुलं वाहतात. आमच्या घरमालकीण आजी मला तिकडे घेऊन गेल्या. घाट म्हणजे बंदराला लागून असलेली काळ्या दगडाची जुनी आवारं. पूर्वी हे आवार केवढं तरी मोठं होतं. आता उरलाय तो थोडासाच भाग. मजुरांना ठेवायच्या पडव्या, स्वयंपाकघराची जागा, दवाखान्याची खोली आणि समुद्राकडून वर येणाऱ्या 16 पायऱ्या. जहाजातून उतरलेला प्रत्येक माणूस त्या पायऱ्या चढून आत यायचा, दोनेक दिवस तिथे राहायचा आणि मग मळेवाल्यांबरोबर उसाच्या शेतात रवाना व्हायचा. भारतातून अशी सुमारे साडेचार लाख माणसं आली. 2006 पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. आजींनी पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार केला. मी पण केला.

या देशाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इथे मूळचं असं कोणीच नाही. 1598 मध्ये डच आले तेव्हा बेटावर माणूस नव्हता. झाडं, कासवं आणि उडता न येणारा डोडो पक्षी एवढंच होतं. शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. डचांनी जावाहून ऊस आणला, राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं आणि 1710 मध्ये ते कंटाळून निघून गेले. मग फ्रेंच आले. त्यांच्या लाबूर्दोने या गव्हर्नराने 1735 नंतर पोर्ट लुई उभं केलं, तेही मादागास्कर आणि मोझांबिकहून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंचांची भाषा, कायदे आणि मालमत्ता तशीच राहू दिली. म्हणून आजही इथे संसदेचा कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये आणि घरातलं, बाजारातलं बोलणं क्रिओलमध्ये चालतं. क्रिओल ही गुलामांनी घडवलेली भाषा, आणि तीच आज सगळ्यांची आहे.

1 फेब्रुवारी 1835 ला गुलामगिरी संपली. 60 हजारांहून अधिक माणसं सुटली, पण नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, तब्बल 20 लाख पौंड. ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना एक पैसा नाही. हे वाचलं तेव्हा माझा संताप झाला आणि अजून तो गेलेला नाही. सुटलेली माणसं मळ्यावर थांबणार नाहीत हे दिसत होतं, म्हणून इंग्रजांनी आधीच आपल्याकडे मोर्चा वळवला होता. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा कायदाच होता. इथल्या उसाच्या शेतांत मधेच काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात, चांगले रचलेले, घराएवढे. बेट ज्वालामुखीचं, त्यामुळे जमीन दगडांनी भरलेली. हे दगड एक एक करून हातांनी उचलून बाजूला रचले, तेव्हा कुठे ऊस लागला. आता यंत्रांनी पुष्कळ ढीग हटवलेत. उरलेल्यांपैकी एका ढिगाजवळ उभी राहिले. तळाचे दगड दोन माणसांनाही उचलता येणार नाहीत असे होते.

बाबा, आता आपल्या माणसांकडे येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली. त्यांत रत्नागिरीची माणसं होती. तेव्हा सिंधुदुर्गही रत्नागिरीतच होता. बिहारमधून आलेल्यांच्या मानाने आपले थोडे, पण त्यांनी आपलं वेगळेपण सोडलं नाही. आज इथे शाळेत मराठी हा विषय घेता येतो, मोका नावाच्या गावातल्या महात्मा गांधी संस्थेत पुढेही शिकता येतं, आणि त्याच गावातल्या महाराष्ट्र भवनात 2023 पासून शिवाजी महाराजांचा पुतळा उभा आहे. हेन्रिएटा, कास्कावेल या गावांत मराठी घरं बरीच आहेत. आजींना मराठी बोलताना शब्द शोधावे लागतात, पण ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ आमच्यापेक्षा स्वच्छ म्हणतात.

भाद्रपदात मला गणपतीला त्यांच्या नातेवाइकांकडे नेलं होतं. गणपतीची सरकारी सुट्टी इथे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, म्हणजे विसर्जनाला सगळे मोकळे. आरती झाली आणि अंगणात माणसं गोल उभी राहिली. मध्ये ढोलकी, झांज. पायांत चाळ. पहिला ठेका पडला आणि माझ्या अंगावर काटा आला. बाबा, तुमची जाकडी, आपला कोकणातला नाच! ते तिला ‘झाकरी’ म्हणतात. तोच गोल, तसंच पुढे झुकून मागे येणं, एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. चाल तुमच्या मंडळापेक्षा संथ होती, शब्द मधेमधे झिजलेले होते, काही ओळी मला लागल्याच नाहीत. पण गणाची सुरुवात कानाला ओळखीची होती. गाणाऱ्यांतला एक तरुण पोर्ट लुईत बँकेत आहे. त्याला त्या ओळींचा निम्मा अर्थ ठाऊक नाही, तरी एक अक्षर चुकू देत नाही. त्याच्या हातातल्या वहीत गाणी रोमन लिपीत उतरवलेली होती. जाकडीतल्या शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे सामने पाहत मी वाढले, पण जाकडीने समुद्र ओलांडलाय हे आपल्याकडे मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या शाळेच्या पुस्तकांत ही माणसं मला कधी भेटली नाहीत. ती गेली आणि आपण त्यांना विसरलो, हे मला मनापासून लागलं.

आई, तुझ्यासाठी खाण्याचं. रस्त्यावर ‘धोल पुरी’ मिळते. चण्यासारखी पिवळी डाळ हळद-जिऱ्यासह वाटून पोळीत भरतात; पुरणपोळी तिखटामिठाची केली तर कशी लागेल, तशी. नेहमी दोन एकावर एक ठेवून देतात, त्यात घेवड्याच्या दाण्यांची रस्सा भाजी, टोमॅटोचा तिखट रस आणि हिरवी चटणी, वर कागदाची गुंडाळी. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, सगळे एकाच रांगेत उभे राहून खातात. बाजारात अळू मिळतं, शेवग्याचा पाला जुडीने मिळतो, कारली, दोडकी, फणस सगळं आहे. अळूवड्या केल्या होत्या. आजींना फार आवडल्या.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. इथे भारतीय वंशाच्या लोकांना आपल्या पूर्वजांचा कागद तरी मिळतो. गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांना बहुतेकदा तोही नाही. कुठलं गाव, कुठली भाषा, हे सहसा नोंदलंच गेलं नाही. दक्षिण-पश्चिम टोकाला ल मॉर्न नावाचा उभ्या कड्याचा डोंगर आहे. पळालेले गुलाम तिथल्या गुहांत लपायचे. गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, तेव्हा पकडायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं पिढ्यानपिढ्या सांगतात. त्यांच्याकडे इतिहास आहे तो अशा सांगण्यात आणि सेगा गाण्यात. सेगाचं मुख्य वाद्य रावान, म्हणजे बकरीच्या कातड्याचा मोठा डफ. वाजवण्याआधी तो आगीवर धरून तापवतात. तुम्ही डफ शेकता तसाच. दिवसभर मळ्यावर राबून रात्री हे लोक गायचे, आणि मालकांना, पाद्र्यांना ते मुळीच रुचत नसे. आता युनेस्कोनेही त्याची दखल घेतली आहे.

स्वातंत्र्यदिन इथे 12 मार्चला असतो. गांधीजी 1930 मध्ये याच तारखेला दांडीला निघाले होते, म्हणून 1968 साली मुद्दाम तीच तारीख निवडली. 1901 मध्ये आफ्रिकेहून परतताना गांधीजी काही दिवस इथे थांबले होते आणि मुलांना शिकवा, राजकारणात या, असं मजुरांना सांगून गेले. आजींच्या आजोबांनी ते ऐकलं होतं म्हणतात.

आता तुमचं काम. महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. प्रत्येक माणसाला एक नंबर दिलेला, जहाजाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, बापाचं नाव, जिल्हा, गाव, आणि नंतरच्या काळातल्यांचे फोटोसुद्धा. वंशजांनी अर्ज केला की उतारा मिळतो. आजींनी त्यांच्या खापरपणजोबांचा काढला. त्यात आडनाव नाही. फक्त त्यांचं नाव आणि बापाचं नाव, आणि खापरपणजोबांचं ते नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. जात ‘मराठा’, जिल्हा ‘रत्नागिरी’. गावाचं स्पेलिंग कारकुनाने कानाला जसं आलं तसं लिहिलंय. मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं: एक तर राजापूरकडचं गोवळ असेल, नाहीतर लांज्याचं गोविळ. आणखी एक धागा आहे. आजींची सासू सणाच्या दिवशी नैवेद्य दाखवताना ‘रवळनाथा’ म्हणायची. का, ते कुणाला ठाऊक नाही, पण म्हणायची.

तर बाबा, राजापूरला तुमचे शाहीर स्नेही आहेत, त्यांना विचारा. दोन्ही गावांत रवळनाथाचं देऊळ आहे का, आणि कुणाच्या घरात ‘एक भाऊ जहाजाने गेला, परत आला नाही’ अशी कथा सांगतात का, एवढं कळलं तरी पुरे. देवस्थानच्या मानकऱ्यांकडे जुनी कागदपत्रं असतात, तिथेही बघा. उताऱ्याचा फोटो दादाच्या मोबाईलवर पाठवलाय. त्याला मोठा करून छापून घ्यायला सांगा, म्हणजे तुम्हाला चष्मा लावून नीट वाचता येईल. घाई मी करणार नाही, पण आजी थकल्या आहेत आणि पुढच्या वर्षी नातवाबरोबर कोकणात यायचं म्हणतायत. त्यांना उतरवायचं आपल्याच घरी, हे मी कबूल करून टाकलंय.

आणि तुमच्या गण-गौळणीच्या वहीतली जुनी पानं, आजोबांच्या हातची, त्यांचेही फोटो पाठवा. झाकरीवाल्यांना हवे आहेत. शब्द अडले तर मला सांगतील, मी तुम्हाला विचारेन.

दादा-वहिनींना नमस्कार, पिंट्याला पापा. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांग, अंगावर काढू नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
चि. माई